खडकातली कसीया

एका राज्यात मरणाला मज्जाव होता. तो असा झाला. अदीना राणीची एकुलती लेक कसीया तापाने गेली, आणि राणी तिला मातीत ठेवू देईना. मग एका मांत्रिकाने कसीयेला काचेसारख्या आरपार खडकात निजवले. खडक बंद आहे तोवर देह तसाच राहील, म्हणाला. मरणाचे दार लावले की जन्माचेही लागते, हे मात्र त्याने सांगितले नाही. म्हातारी माणसे अंथरुणात तळमळत राहिली. राणीची धाकटी बहीण नोआ पोटुशी होती. तिचे दिवस भरले, उलटले, तरी मूल येईना.

नोआ म्हणाली, “ताई, पोर दमलंय. आता लाथही मारत नाही.”

“कसीया उठली की सगळं सुटेल.”

“आणि नाही उठली तर?”

राणीने घोडा मागवला.

दूर डोंगरावर इस्राएलाचा राजा शलमोन राज्य करीत होता. तो पाखरांची बोली जाणे. त्याच्या अंगठीपुढे भुते वाकत. राणीने पदर पसरला.

“महाराज, अंगठी द्या. माझी लेक उठवायची आहे.”

“बाई, हिने मेलेलं उठत नाही. माझं ऐकू नकोस, वारा, मुंगी नि हुदहुद या तिघांना विचार. एकानेही कोणी परत आलेलं पाहिलं असेल, तर अंगठी तुझी.”

राणीने वाऱ्याला विचारले. वारा म्हणाला, “जाणाऱ्यांचा शेवटचा श्वास मीच नेतो. तो परत मागायला आजवर कोणी आलं नाही.”

तिने मुंगीला विचारले. मुंगी म्हणाली, “आमची मेलेली आम्ही लगेच वारुळाबाहेर नेतो. नाही नेली तर जिवंतांना वाट उरत नाही. आणि राणीसाहेब, पाय उचला, तुम्ही आमच्या वाटेवर उभ्या आहात.”

तिने हुदहुद पाखराला विचारले. ते म्हणाले, “परत आलेलं पाहिलं नाही. तुला मात्र पाहिलंय. मयताच्या घरी चूल पेटत नाही, पहिला कडू घास दुसऱ्याच्या हातचा खायचा असतो. नोआ मसूर नि भाकर घेऊन आली, तेव्हा मी तुझ्या छपरावर होतो. ‘या घरात कोणी मेलं नाही,’ म्हणून तू ताट परत पाठवलंस.”

राणी मान खाली घालून शलमोनापुढे आली. त्याने अंगठीकडे पाहिलेही नाही.

“माझ्या आधी माझ्या आईला एक मूल झालं होतं,” तो म्हणाला. “ते आजारी पडलं, तेव्हा ते जगावं म्हणून माझे वडील जमिनीवर उपाशी पडून राहिले. ते गेलं तेव्हा उठले, अंग धुतलं, आणि जेवायला वाढा म्हणाले. लोकांना ते निर्दय वाटले. त्यानंतर मी जन्मलो.”

मग त्याने जवाएवढा एक किडा तिच्या तळहातावर ठेवला. त्याचे नाव शामीर. लोखंड न लावता तो दगड चिरतो. “नेऊन ठेव. वापरायचा की नाही, ते तू ठरव.”

राणी घरी आली. नोआ भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे पडले होते.

“ताई, मी तुझ्याकडे काही मागणार नाही,” ती म्हणाली.

“ठाऊक आहे मला.”

राणी बराच वेळ खडकापाशी बसली. कसीयेच्या वेणीचा पेड सुटला होता, तो खडकातून दिसत होता. तो बांधता येत नव्हता. मग तिने किडा दगडावर सोडला.

खडक आवाज न करता उकलला. राणीने पेड बांधला. कसीयेचे हात गार होते, राणीला वाटले होते त्याहून गार. संध्याकाळच्या आत कसीया मातीत गेली. राणीने अंगावरचे वस्त्र उभे फाडले नि ती भुईवर बसली. थकलेली म्हातारी माणसे एकेक करून सुटली. शेजारणीने भाकरीचा तुकडा पुढे केला, तो राणीने खाल्ला.

आतून रडे ऐकू आले. सुईण दारात आली. “मुलगी आहे. नोआबाई विचारतात, कसीया म्हणू का?”

“नको,” राणी म्हणाली. “तिचं तिला नाव असू दे.”

राज्य मार्गी लागले. शाप होता तो गेला, दुःख होते ते राहिले. कथेला एवढेच सांगता येते.