वाण्याच्या दुकानातली बिनमोल वस्तू

"सूर्य माथ्यावर येईपर्यंत वस्तू मिळाली नाही, तर दुकान रिकामं करायचं! इथं माझे घोडे बांधीन!"

राजा दुकानाच्या पायरीवर बसून गरजला, आणि शिवलिंगशेट वाण्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

करंजपेठेतलं हे किराणा दुकान तीन पिढ्यांचं. आजोबांनी लिंबाखाली मिठाची दोन पोती मांडली, वडिलांनी वर कौलं घातली, शिवलिंगशेटनं फळ्यांवर डबे चढवले. इथून गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत जात नाही, असं अख्खी पेठ म्हणायची. झालं! ते राजाच्या कानी गेलं, आणि हट्टी स्वारी पालखीत बसून थेट दारात हजर!

"मला अशी वस्तू द्या," राजानं फर्मावलं होतं, "जी तोललेली नाही, मापलेली नाही, मोजलेली नाही आणि जिचे पैसे तुम्ही घेत नाही. पण गिऱ्हाईकं ती रोज घरी नेत असली पाहिजेत. हवा-बिवा, वास-बिस देऊन फसवायचं नाही हं!"

शिवलिंगशेटनं हळदीपासून हिंगापर्यंत सगळे डबे उपसले. सगळं तोलून नाहीतर मोजून द्यायचं! नारळसुद्धा मोजून! बिचारा कपाळाला हात लावून बसला.

त्याची सून निलव्वा आत ज्वारी पाखडत होती. तिला सासऱ्याची दशा बघवेना. लग्न होऊन आली तेव्हापासून या दुकानावर तिचा जीव. इथं घोडे बांधणार? काय म्हणून? सूप आपटून ती पुढं आली.

"मामंजी, उठा बरं! महाराज, वस्तू आहे. पण आधी शेरभर तूरडाळ घ्यावी लागेल."

"डाळ? मी डाळ मागितली का?"

"गिऱ्हाईक झाल्याशिवाय ती वस्तू कुणालाच मिळत नाही!"

राजाला मौज वाटली. त्यानं कारभाऱ्याकडून पैसे देवविले आणि उपरणं पसरलं. निलव्वानं तागडी उचलली, काटा मधोमध आणला, डाळ ओतली.

"झालं? वस्तू कुठाय?"

तिनं पोत्यात हात घातला आणि मूठभर डाळ वर टाकली. "ही घ्या!"

"ही तर डाळच!"

"तोलली ती डाळ, महाराज. ही वरची मूठ! हिला तागडी नाही, माप नाही, दाणे कुणी मोजत नाही, पैसे आम्ही घेत नाही. आणि ही पडल्याशिवाय पेठेतली एकही बाई पिशवीचं तोंड बांधत नाही. विचारा की!"

"खरंय, खरंय!" रस्त्यावरच्या बायका ओरडल्या.

राजा उपरण्याकडं बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "माझ्या कोठारात सगळं मापून येतं गं. अशी वरची मूठ मला आजवर कुणी घातली नाही. बरं वाटलं! आणखी एक घाल."

"घालते की! आणखी शेरभर डाळ घ्या!"

राजा असा खदखदून हसला की निम्मी डाळ पायरीवर सांडली. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं निलव्वाला दिलं आणि कारभाऱ्याला हुकूम सोडला, "आजपासून वाड्याचं सगळं वाणसामान इथूनच! आणि शेर-शेर करून घ्यायचं, बरं का! एकदम पोतं उचललंत, तर मूठ एकच पडेल!"