निरगुडीचा वास

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथे सोनंनाणं कुणाकडे फारसं नव्हतं. घराची श्रीमंती म्हणजे कणगीत राखलेलं ज्वारीचं बियाणं. एक वेळ चूल पेटली नाही तरी चालेल, पण बियाण्याला हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. किडीपासून ते जपायची तऱ्हा मात्र घरोघरी वेगळी. कुणी राख चोळी, कुणी कडुलिंबाचा पाला घाली.

एका उन्हाळ्यात त्या गावात एक पाहुणा आला. अंगरखा पांढराशुभ्र, बोलणं साखरेत घोळलेलं. धर्मशाळेत उतरला आणि पारावर बसून म्हणाला, "डोंगरापलीकडे माझी जमीन आहे. तिथलं पीक पंधरवड्यात कापणीला येतं. आज एक पायली द्या, पंधरवड्याने दोन घेऊन जा."

लोक हसले. पण एकाने गंमत म्हणून पायली दिली आणि त्याला खरंच दोन मिळाल्या. मग काय! धर्मशाळेच्या दारात पोत्यांची रीघ लागली.

त्याच गावातल्या चिमाच्या नवऱ्यानेही तिला न विचारता एक पायली दिली होती. पंधरवडा भरला तसा तो दोन पायल्या घेऊन हसत घरी आला.

"बघ, घरबसल्या दुप्पट! उद्या सगळी कणगीच नेऊन ओततो. अमावास्येनंतर तो एक दाणा घेणार नाही."

चिमाच्या मनात पाल चुकचुकली. "अहो, फायदा आपला आणि घाई त्याला? असं कसं?"

चिमाने सूप घेतलं आणि ती ज्वारी पाखडायला बसली. पाखडता पाखडता तिचा हात थांबला. दाण्यांत वाळक्या पाल्याचे तुकडे होते. तिने ते चुरगाळून नाकाशी नेले. निरगुडी!

साऱ्या गावात बियाण्याला निरगुडीचा पाला लावणारी एकटी शेजारची मैना. ती तिच्या माहेरची रीत. बायका त्यावरून तिची थट्टाही करत. आणि मैनाने परवाच आपलं अर्धं बियाणं पाहुण्याला दिलं होतं.

"अहो, ही शेतातून आलेली नवी ज्वारी नव्हे. नव्या ज्वारीत साठवणीचा पाला कुठला? हे मैनाचं बियाणं आहे. तिचं आपल्याला दिलंय. आता आपलं आणखी कुणाला देईल."

"पाला वाऱ्यानेही उडून येतो! सगळं गाव खुळं आणि तू एकटी शहाणी?"

"मग चला, त्यालाच विचारू."

दोघं धर्मशाळेत गेली. चिमाने हात जोडले. "पाहुणं, आमची कणगी देतो. पण आधी तुमचं शेत दाखवा. गाडी जुंपून आम्ही येतो मागोमाग."

पाहुणा हसला, पण डोळे हसले नाहीत. "वहिनी, ती जमीन फार नाजूक आहे. परक्याची नजर लागली की पिकत नाही."

"आमच्या जमिनीवरून तर सगळं गाव ये-जा करतं," चिमा म्हणाली. "तरी पिकते बापडी."

नवरा खाली मान घालून परतला. कणगी जागची हलली नाही, पण त्याचा रुसवाही गेला नाही. चिमा मैनाकडे धावली आणि तिला पाला दाखवला. मैना फणकारली, "माझे चार दाणे वाढलेले बघवत नाहीत होय तुला?" आणि हट्टाने तिने उरलेलं बियाणंही नेऊन दिलं.

अमावास्येला सकाळी लोक धर्मशाळेत गेले. दार सताड उघडं. आत ना पाहुणा, ना पोती. डोंगरापलीकडे माणसं धाडली, तर तिथे नुसता खडक. कुसळसुद्धा उगवत नव्हतं.

पेरणीचे दिवस आले. शेतं नांगरून तयार, पण घरोघरच्या कणग्यांचा तळ दिसत होता. मैना उंबऱ्यावर डोक्याला हात लावून बसली होती. चिमा आली आणि तिने तिच्यापुढे टोपली ठेवली. वरच निरगुडीचा पाला होता.

"ही त्या दोन पायल्यांची ज्वारी. तुझीच आहे. आम्ही नफा म्हणून घेतली होती."

मैनाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तू सांगत होतीस गं. मीच ऐकलं नाही."

"ऊठ, आधी पेरून घे. रडायला पुढे सवड आहे."

मागून चिमाचा नवरा पोतं घेऊन आला. त्यांच्या कणगीतलं बियाणं त्या वर्षी घरोघर थोडं थोडं गेलं. सुगीला जेवढं नेलं तेवढंच परत करायचं, एक दाणाही वर नाही, असं त्यानेच सर्वांना बजावलं.

तेव्हा बाळांनो, आणि मोठ्यांनोही, ध्यानात ठेवा: जो नफा कुठून आला ते देणारा दाखवत नाही, तो शेजाऱ्याच्या घरातून आलेला असतो, आणि उद्या आपल्या घरातून जाणार असतो.