फाइन म्हणजे काय

मेइलिन चीनहून पुण्याला इंग्रजी शिकायला आलेली. तोंडी परीक्षेला ती तापातच बसली. नापास झाली, तर दोन वर्षांनी मिळालेली घरी जायची सुट्टी हुकणार होती. तिचे म्हातारे शिक्षक टिपणीस कोपऱ्यात जीव मुठीत धरून बसले होते.

उजवा हात प्लास्टरमध्ये असलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, "कशी आहेस?"

"फाइन."

"अंगात ताप, आणि म्हणे फाइन. शब्द कळलाच नाही तुला."

"दूर गेलेल्या लेकरानं असंच सांगायचं, अशी आमच्याकडे रीत आहे, सर. हात मोडल्याचं तुमच्या आईला कळवलंत?"

परीक्षकांनी आपल्या प्लास्टरकडे पाहिलं. मग डाव्या हातानं त्यांनी पूर्ण गुण लिहिले.

टिपणीस हसले, पण लगेच थांबले. टोरांटोतली त्यांची लेक दर रविवारी फोनवर फाइनच असते.