भिवाने पाहिलेलं झाड

फार वर्षांमागे सह्याद्रीच्या रानात एक धनेशीण अंड्यांसाठी झाड शोधत होती. धनेशांची रीत अशी, की मादी ढोलीत शिरते, दार आतून लिंपून घेते आणि पिल्लू मोठं होईपर्यंत आतच राहते. झाड पडलं तर तिला पळताही येत नाही.

म्हणून तिने सुतारपक्ष्यांना बोलावलं. त्यांनी बेहड्याच्या ढोलीपाशी चोची मारल्या, कान लावले आणि सांगितलं, "आवाज खणखणीत आहे, वहिनी. खुशाल राहा."

त्यांच्यातला भिवा जन्माचा बहिरा. तो खोडाला पोट टेकून ठोके देत पार मुळापर्यंत उतरला.

"ह्याला काय ऐकू येणार?" तो परत वर येताच एकजण हसला.

हलणाऱ्या चोचीवरून भिवाला बोलणं कळलं. "ऐकू येत नाही, पण थरथर कळते," तो म्हणाला. "इथली थरथर मुळाशी पोचत नाही. मूळ कुजलंय. वहिनी, पलीकडचा आंबा घ्या."

बाकीचे ढोलीपाशीच थांबले होते, मुळापर्यंत हा एकटाच गेला होता. धनेशिणीने आंबा घेतला.

वैशाखात वादळ आलं आणि बेहडा आडवा झाला. लिंपलेल्या ढोलीत तिने तो आवाज ऐकला आणि पिल्लाला जवळ ओढलं.

बाहेर पडताच ती पिल्लाला घेऊन भिवाकडे गेली. हाक मारून उपयोग नव्हता, म्हणून तिने त्याच्या फांदीवर चोच आपटली. भिवा वळला.

"दादा, तुमच्यामुळे आम्ही आहोत," ती म्हणाली. "पुढच्या साली माझ्या बहिणींची झाडंही तुम्हीच बघायची."

शेजारी पिल्लूही आपली कोवळी चोच फांदीवर आपटत होतं.