अर्धी तपासणी

फार जुन्या काळची गोष्ट आहे, लहानांनीही ऐकावी आणि मोठ्यांनी तर ऐकावीच. नदीकाठच्या एका राज्यात काचेच्या बांगड्या घडवणाऱ्यांचं गाव होतं. त्या गावच्या बांगड्या राणीच्या हातात असत आणि गवळणीच्याही.

ज्या गल्लीत भट्ट्या पेटत, तिला भट्टीआळी म्हणत. तिथला सगळ्यांत नावाजलेला कारागीर होता सिदोजी. सकाळी तो भट्टीच्या तोंडाशी मांडी घालून बसला की दिवेलागणीलाच उठे. आगीच्या रंगावरून काच कधी ओढायची हे त्याला नेमकं कळे.

त्याची बायको तुंगा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण घरात मूल नव्हतं.

याबद्दल सिदोजीला कधी कुणी काही विचारलं नाही. विचारायचं ते तुंगाला. सासू मनाने वाईट नव्हती, पण वंश बुडेल या भीतीने तिची झोप उडाली होती. कुणी काही सुचवलं की ती ते तुंगाला करायला लावी. आधी सोमवार धरले, मग शनिवार. मग एक वेळचं जेवण सुटलं. कुणी कडू मुळ्या दिल्या, कुणी राख दिली. तुंगाच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. पाळी महिना-दोन महिने येत नसे. दर वेळी तिला वाटे, या खेपेला आहे नक्की. आणि मग एके सकाळी ती आशाही जाई. असं किती वेळा झालं, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

नदीपलीकडच्या गावात एक वैद्यीणबाई होत्या. त्यांचं नाव ऐकून तुंगा एक दिवस नावेत बसली.

वैद्यीणबाईंनी तिची नाडी पाहिली, डोळे पाहिले, पाळीबद्दल, खाण्यापिण्याबद्दल विचारलं. मग दाराकडे पाहत म्हणाल्या, “नवरा कुठे आहे?”

“ते कशाला येतील? मूल मला होत नाही,” तुंगा म्हणाली.

“मूल दोघांचं ना? मग तू एकटी आलीस म्हणजे अर्धाच रोगी आलाय. अर्ध्या तपासणीवर मी औषध देत नाही. त्यांना घेऊन ये. तुमच्या आळीतून माझ्याकडे कितीतरी बायका आल्या, पुरुष मात्र एकही नाही.”

त्या संध्याकाळी तुंगाने नवऱ्यापाशी विषय काढला. सिदोजीचा हात ताटातच थांबला.

“मी दिवसभर आगीपुढे बसतो, दोन माणसांचं काम एकटा करतो. मला काय धाड भरलीय?”

“धाड भरलीय असं मी कुठे म्हणते? नुसतं दाखवून येऊ.”

“लोक काय म्हणतील?” एवढं बोलून तो पानावरून उठला.

सासूने हे ऐकलं आणि सिदोजीचं दुसरं लग्न करायचं मनात पक्कं केलं. थोड्याच दिवसांत शेजारच्या गावचे एक गृहस्थ सिदोजीला पाहायला आले. स्वभावाने सालस, घरी लग्नाची लेक. सासूने पाट मांडला आणि सरबत घेऊन तुंगालाच बाहेर पाठवलं.

तुंगाने भांडं त्यांच्यापुढे ठेवलं. आत वळण्याऐवजी ती तिथेच उभी राहिली.

“बाबा, तुमची लेक इथे आली तर तिला मी पाठच्या बहिणीसारखी वागवीन. पण एक विचारून घ्या. मूल का होत नाही म्हणून आजवर मलाच सगळे तपासत आले. यांना कुणी तपासलेलं नाही. आणि उणीव यांच्यातच असली, तर थोड्या वर्षांनी तुमची लेक माझ्या जागी उभी असेल. तेव्हा तिला बोल लावणाऱ्यांना तुम्ही काय सांगाल?”

“तुंगे, आत जा,” सासू म्हणाली.

“जाते, आत्याबाई. माझं बोलून झालं.”

ते गृहस्थ सरबत तसंच ठेवून उठले. “सिदोजी,” ते म्हणाले, “राग मानू नका. आधी वैद्याला दाखवून या. लेकीचा बाप आहे मी.”

सिदोजी ओसरीवर एकटाच बसून राहिला. परक्या माणसाला तिचं म्हणणं लगेच पटलं होतं, आणि आपण घरच्या माणसाचं ऐकलं नव्हतं. तुंगाच्या सुकलेल्या हातांकडे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. दुसऱ्या दिवशी भट्टी बंद ठेवून तो तिच्यासोबत नावेत बसला.

वैद्यीणबाईंनी दोघांना पुढ्यात बसवलं. सिदोजीला काम कुठे बसून करता, किती वेळ, ताडी घेता का, सगळं विचारलं. तपासून झाल्यावर त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

“पुरुषाचं बीज नाजूक असतं. त्याला गारवा लागतो. तुमचं वर्षानुवर्षं आगीत भाजतंय, वर ताडी. ते दुबळं झालंय. आणि हिचा देह उपासांनी रिता झालाय. जो देह स्वतःलाच पोसू शकत नाही तो दुसरा जीव कसा पोसेल? म्हणून पाळी अडते. कुणाचाच गुन्हा नाही हा. पण कारणं दोन्हीकडे आहेत.”

“बरं होईल?” सिदोजीने विचारलं. त्याचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता.

“पुष्कळांना होतं. काहींना खाणंपिणं सुधारून, काहींना औषधाने, काहींना शस्त्र लावून. काहींच्या बाबतीत मीही हात टेकते. सगळ्यांना नक्की होईल असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याच्याकडे पाऊलही टाकू नका.”

परत येताना तुंगा नावेत रडली. दुःखाने नव्हे. तिच्या देहाबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी दोष न देता बोललं होतं.

सासूने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “जे करायचं ते करा, पण ही गोष्ट घरातच राहू दे.”

“इतकी वर्षं हिच्याबद्दल गावभर बोललं गेलं,” सिदोजी म्हणाला. “आता माझ्याबद्दल बोलू दे.”

कारागिरांची बैठक भरली तेव्हा तो उभा राहिला. उणीव आपल्यातही आहे, हे त्याने सगळ्यांपुढे सांगितलं. भट्टीच्या धगीबद्दल सांगितलं, आणि एकाने दिवसभर तोंडाशी बसू नये, पाळीपाळीने बसावं, अशी मागणी केली. कुणी हसलं नाही. भट्टीआळीत मूल नसलेली घरं थोडी नव्हती. आळीच्या मुखियाने तर मुलासाठी दोन लग्नं केली होती, तरी घर रिकामंच होतं. तो खाली मान घालून बसला होता. शेवटी म्हणाला, “उद्या मी नदीपलीकडे जातो. कोण येतंय?”

कितीतरी हात वर झाले.

तुंगाचे उपास सुटले. सासू स्वतः तिला दूध-भाकरी वाढू लागली. सिदोजीने ताडी सोडली, आणि भट्टीपुढून उठून तो बांगड्यांवर नक्षी काढायला बसू लागला. लगेच काही झालं नाही. मधे एकदा दोघंही खचली, तेव्हा पुन्हा जोडीने नदीपलीकडे जाऊन आली. पण एका वसंतात तुंगाला दिवस गेले, आणि पुढे तिला ठणठणीत लेक झाली. तिच्या पाठोपाठ भट्टीआळीत घरोघरी पाळणे हलू लागले.

मुखियाला मात्र मूल झालं नाही. उपाय चालणार नाही, असं वैद्यीणबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने घरी येऊन दोन्ही बायकांची माफी मागितली. मग तिघांनी मिळून पुरात आईबाप गमावलेली एक मुलगी घरी आणली. तिचं बारसं आळीने इतकं दणक्यात केलं की वाजंत्री नदीपलीकडे ऐकू गेली.

तेव्हापासून त्या गावात मूल होत नसलं तर बाईकडे कुणी बोट दाखवत नसे. नावेत दोघं मिळून बसत.

तात्पर्य: मूल दोघांचं असतं, म्हणून कारण शोधायचं तेही दोघांत आणि उपाय करायचा तोही दोघांनी मिळून.