दारात थांबवलेलं कासव

ओढ्यावर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. काठावर तीनच कासवं होती. ज्याला पलीकडे जायचं, तो कासवाच्या पाठीवर बसे आणि उतरला की त्याला सोडून देई.

चिचुंद्रीचं पिल्लू पलीकडे मावशीकडे गेलं होतं. त्याला संध्याकाळी आणायचं म्हणून चिचुंद्रीनं सकाळीच एक कासव दारात थांबवून ठेवलं. "ऐन वेळी मिळालं नाही तर?" तिचं बघून शेजारणींनी उरलेली दोन अडवली.

संध्याकाळी ती पलीकडे पोचली, तर पिल्लू काठावर कुडकुडत बसलेलं. "आई, तुझी आठवण आली म्हणून घरी यायला निघालो, दुपारपासून हाका मारतोय. एकही कासव आलं नाही गं."

तिनं त्याला पोटाशी घेतलं. अलीकडच्या काठावर उतरताच कासवाच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "जा बाबा, लवकर जा. कुणाचं तरी लेकरू वाट बघत असेल."