टाकीच्या झाकणाचं भोक

फार मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नका. मोटारसायकली तेव्हाही जुन्या व्हायच्या आणि माणसंही.

घाटाच्या पायथ्याशी एक म्हातारा राहायचा. बायको गेल्यापासून त्याच्या घराची दारं-खिडक्या बंद असत. कुणी हाक मारली तर आतून "बरं नाही" एवढंच उत्तर यायचं. हळूहळू शेजाऱ्यांनी हाका मारणंही सोडलं. बोलायला उरली ती दोघांनी मिळून घेतलेली मोटारसायकल. तिला तो रोज पुसायचा. धुळीचा कण आत जाऊ नये म्हणून टाकीच्या झाकणावरचं बारीक भोकसुद्धा त्याने लाख ओतून बुजवलं होतं. एवढ्या जपणाऱ्या माणसाला कोण काय सांगणार!

घाटापलीकडे त्याची धाकटी बहीण एकटी राहायची. भाऊबीजेला तो निघायचा. सुरुवातीला गाडी झकास पळायची, पण अर्ध्या घाटात इंजिन ठसकायचं, गाडीचा जोर जायचा आणि ती बंद पडायची. बराच वेळ थांबलं की चालू व्हायची, थोडं पुढे जाऊन पुन्हा तेच. मग म्हातारा गाडी वळवायचा आणि उतारावरून घरंगळत घरी यायचा. दोन भाऊबीजा अशाच गेल्या. भाऊ न आलेल्या बहिणी करतात तसं तिने दोन्ही वर्षं अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं. मग तिने निरोप पाठवला, "दादा, यंदा तरी ये. चंद्र काही जेवायला थांबत नाही."

म्हाताऱ्याने प्लग बदलला, कार्बोरेटर साफ करून घेतला. मेकॅनिक म्हणाला, "बाबा, गाडीत काही दोष नाही." मागची सीट रिकामी आहे म्हणून गाडीला पुढे जावंसं वाटत नाही, हे म्हाताऱ्याने मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या भाऊबीजेला गाडी त्याच वळणावर थांबली. म्हातारा दगडावर बसला. ऊन कललं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला कुणी नव्हतं.

एवढ्यात बांगड्या विकणारी एक कासारीण मोपेड ढकलत आली. "काका, पेट्रोल संपलं माझं. बाटलीभर द्याल का?"

एरवी तो नाही म्हणाला असता; आज म्हणाला, "घे. मला तरी आता कुठे जायचंय!"

त्याने इंजिनाकडे जाणारी नळी काढली आणि टाकीच्या तोटीखाली बाटली धरली. दोन-चार थेंब पडले आणि थांबले.

"तुमचीही टाकी रिकामीच दिसते, काका."

"रिकामी कशी असेल? सकाळी भरलीय!" म्हातारा चिडला आणि दाखवायला म्हणून त्याने झाकण फिरवलं. टाकीने सुस्कारा टाकावा तसा आवाज झाला आणि खाली पेट्रोलची धार लागली.

त्याने झाकण लावलं. धार बारीक होत थांबली. उघडलं, पुन्हा वाहू लागली. म्हातारा झाकणावरच्या लाखेकडे बघत राहिला. हवा आत जात नव्हती, म्हणून पेट्रोल बाहेर येत नव्हतं.

"पोरी, पिन आहे का गं तुझ्याकडे?" त्याने विचारलं.

तिची बाटली भरून दिली आणि तिच्या पिनेने त्याने भोकातली लाख कोरून काढली. घाट उतरेपर्यंत गाडी एकदाही ठसकली नाही. दिवेलागणीला बहीण ताट घेऊन अंगणात उभी होती. मावळतीला चंद्राची कोर दिसत होती आणि तिने ताट चंद्राकडे उचललंही होतं. फटफट ऐकून ती मागे वळली.

"किती उशीर केलास रे दादा!"

"मीच केला, बाई," तो म्हणाला आणि पाटावर बसला. त्या वर्षी तिने चंद्राला ओवाळलं नाही.

घरी परतल्यावर म्हाताऱ्याने सगळ्या खिडक्या उघडल्या. धूळ आली, खूप आली. तिच्या मागोमाग शेजाऱ्याची हाकही आली, आणि या वेळी म्हातारा "आलो" म्हणाला.

बोध एवढाच: धुळीच्या भीतीने जो हवाही अडवतो, त्याच्या आत भरलेली माया कुणापर्यंत पोचत नाही.